खिडकीतून मारलेल्या हाका

४ जून

बाळ्या,

आशीर्वाद. फोन न करता पत्र लिहितेय, कारण दुकानाच्या फोनवर तू विनोद करून वेळ मारून नेतोस, आणि चार गिऱ्हाईकं कान टवकारून उभी असतात ती वेगळीच. कागदावर तरी खरं बोलशील.

आई जाऊन पाच महिने होत आले. धाकटी त्या वरच्या खोलीत एकटी आहे, आणि मी इथे इतक्या लांब. आमच्या इथे ऐकू न येणाऱ्या बायकांसाठी एक संस्था आहे. राहायला खोली, हाताला काम, सोबतीला माणसं. एक जागा रिकामी झालीय आणि माझ्या शब्दाखातर त्यांनी ती महिनाअखेरपर्यंत धरून ठेवलीय.

मला वाटलं होतं, तिथल्या बाई लगेच हो म्हणतील. पण त्यांनी मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. तुमची बहीण राहते तिथली माणसं जगतात कशी? बातमी एकाकडून दुसऱ्याकडे जाते कशी? दोन दिवस तिचं दार उघडलं नाही तर पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येईल? न विचारता ती कुणाच्या घरात जाऊन बसते? त्या गल्लीत लग्न होईपर्यंत वाढले, आणि एकाही प्रश्नाचं धड उत्तर देता येईना. बाई म्हणाल्या, "हे कळल्याशिवाय तिला तिथून हलवू नका. कदाचित तिची गरजच वेगळी असेल."

म्हणून तू लिही. तू तिचा मावसभाऊ, खाली तुझं इस्त्रीचं दुकान, वर ती. तुझ्याइतकं जवळून कोण बघणार? तिलाही हेच विचारलंय. गोड गोड लिहून माझी समजूत काढू नकोस. ती तिथे राहू शकते की नाही, एवढं मला कळलं पाहिजे.

तुझी ताई


११ जून

ताईस नमस्कार.

तुझं पत्र वाचून बायको म्हणाली, "आता बसा परीक्षेला." बसलोय. दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलंय आणि इस्त्री बाजूला ठेवलीय, नाहीतर तुझ्या प्रश्नांच्या नादात कुणाचा तरी सदरा जाळायचो.

बातमी कशी जाते म्हणतेस? अगं, तू हे विसरलीस? आपल्या गल्लीत कोण कुणाकडे जातं? खिडकी उघडायची आणि ओरडायचं. पाणी आलं, ओरडा. भाजीची गाडी आली, ओरडा. कुणाला मुलगी झाली, कुणाचं पोट बिघडलं, समोरच्या शिंपीणबाईंनी चहा टाकलाय, सगळं वरच्या वर. गल्ली एवढी अरुंद की समोरच्याला हात लांबवून मीठ देता येतं. बाहेरचा माणूस आला तर त्याला वाटतं भांडणं लागलीत.

आता धाकटीचं. तू खरं लिही म्हणालीस म्हणून लिहितो, राग मानू नकोस. ती पूर्वीची राहिली नाही.

मावशी होती तोवर धाकटी सगळ्यांत असायची. शिंपीणबाईंनी खिडकीतून हाक मारली की ही चहाला हजर. पाण्याला पहिली. आता आम्ही हाका मारमारून थकलो. उत्तर नाही, खिडकीत येणं नाही. पहिला महिना वाटलं, दुःख आहे, असू दे. दुसराही तसाच गेला. आता लोकांनी सोडून दिलंय. बायको म्हणते, तिने आपल्याशी अबोला धरलाय. मी तिची बाजू घेऊन भांडलो, पण मलाही आता तसंच वाटतं.

आणि ती टोपली. पुस्तकांचे शिवायचे फर्मे, त्या छापील कागदांच्या घड्या, वर घ्यायला मावशी टोपली दोरीने खाली सोडायची ना, ती आता सकाळी जी खाली येते ती दिवे लागेपर्यंत लोंबकळत असते. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या डोक्याला लागते. म्हणजे काय, काम टाका आणि चालू लागा, मला तुमचं तोंडही बघायचं नाही!

हेही एक वेळ चाललं असतं. पण मेच्या शेवटी बाइंडिंगवाले काका गेले. तुला कळवायचं राहून गेलं. ज्या माणसाने हिला दाभण धरायला शिकवलं, पुस्तकाला पाठ कशी आणायची ते दाखवलं, पंधरा वर्षं काम दिलं, तो माणूस शेवटचे आठ-दहा दिवस अंथरुणावर होता. तिचीच आठवण काढत होता. काकू रोज खिडकीतून हाका मारायच्या, "ये गं, बोलावतायत." ही गेली नाही. मग दवाखान्यात हलवलं आणि तिथेच आटोपलं. तिथूनच परस्पर न्यायचं ठरलं, म्हणून आम्ही सगळे मोठ्या रस्त्यावर गाडीपाशी जमलो. निघताना मी स्वतः खाली उभं राहून घसा फुटेस्तोवर ओरडलो. दार उघडलं नाही. काकूंनी त्या दिवसापासून तिचं नाव टाकलंय. गल्लीत कुणी तिच्याकडे सरळ बघत नाही.

मावशीच्या जाण्याने तिचं मनच मेलंय की काय, कुणास ठाऊक. ताई, तिला घेऊन जा. इथे तिचं कुणी उरलं नाही, आणि हे लिहिताना मला बरं वाटतंय असं समजू नकोस.

तुझा बाळ्या


१३ जून

प्रिय ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्या त्या बाई हुशार दिसतात. असले प्रश्न मला कुणी विचारले नव्हते.

बातमी कशी येते? येत नाही. आई असताना सगळं कळायचं. माझी पाठ असली तरी ती खांद्यावर बोटं वाजवायची आणि ओठांनी सांगायची, पाणी आलंय, शिंपीणबाई बोलावतायत, पळ. मला वाटायचं, किती माणसं मला बोलावतात! आता वाटतं, ती आईला बोलावत होती. मी आईबरोबर यायचे म्हणून चालवून घ्यायची. आई गेल्यापासून मला एकदाही कुणी बोलावलेलं नाही. पहिल्या महिन्यात मी केस विंचरून बसायचे, कुणी तरी जिना चढून येईल म्हणून. आता नाही बसत.

पाणी येऊन गेल्यावर कळतं. भाजीच्या गाडीची चाकं खिडकीतून दिसली तर दिसली. टोपली मी सकाळीच खाली सोडून ठेवते, म्हणजे मी आहे, काम करतेय, हे तरी लोकांना दिसेल. फर्मे टोपलीत येतात, शिवून झाले की मी टोपलीत पाठवते. काकांचा मुलगा हल्ली मान वर करून बघतसुद्धा नाही. परवा बाळ्यादादाची बायको, आपली वहिनी, जिन्याखाली भेटली. मी विचारलं, काकांचं दुकान मध्ये इतके दिवस बंद का होतं? तिने माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी थुंकले, आणि पाठ फिरवून गेली. पाठीवरून मला काही वाचता येत नाही. माझा आवाज कसा निघतो ते मला माहीत नाही. काही वाईट निघालं असेल का तोंडातून?

काका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे गेले असणार. उन्हाळा संपता संपता जाईन म्हणत होते. सांगून गेले नाहीत याचा राग आला मला. मागच्या महिन्यात एके दिवशी दुपारी अख्खी गल्ली रिकामी झाली होती, सगळी दारं बंद. कसली तरी सभा असेल. तशा सभा आता माझ्याशिवायच होतात.

तेव्हा तुझ्या प्रश्नांची उत्तरं अशी: माझं दार उघडलं नाही तर कुणालाच कळणार नाही, आणि न विचारता मी कुणाच्याच घरी बसत नाही. मला ही खोली सोडायची नाही ताई. इथल्या जिन्याचा थरथराट मला पायांना कळतो, कोण चढतंय ते ओळखता येतं. पण कुणी चढतच नाही, तर त्या ओळखण्याचं काय करू? जागा धरलीच असशील तर मी येते.

फक्त काका परत आले की मग. ते जाड पुस्तक, ज्याची शिवण उसवून त्यांनी मला पुन्हा करायला लावली होती, ते मी पूर्ण केलंय. एकही फर्मा पुढेमागे नाही. त्यांना दाखवल्याशिवाय मी हलणार नाही. ते कधी येणार, बाळ्यादादाला विचारून मला कळव. मला तो सांगत नाही.

तुझी धाकटी


१७ जून

बाळ्या,

तुझं पत्र डाव्या हाताला आणि तिचं उजव्या हाताला ठेवून मी सकाळपासून बसलेय. ऑफिसला गेले नाही.

तू लिहितोस, हाका मारमारून थकलो. ती लिहिते, मला एकदाही कुणी बोलावलं नाही. दोघंही खोटं बोलणारी नाहीत. मग मी तुझं पत्र पुन्हा वाचलं, आणि "घसा फुटेस्तोवर" या शब्दांवर माझं डोकं फिरलं. अरे, ती बहिरी आहे! सातव्या वर्षी तापात कान गेले, तेव्हा तू आमच्याच घरात होतास. कुणाला ओरडत होतास तू? भिंतीला?

ती कुणाशी अबोला धरून नाही बसली. तुम्ही धरलात. माझ्या बहिणीला पाच महिने कुणी हाकच मारली नाही, आणि वर ती उद्धट ठरली. टोपली खाली सोडते, कारण "टोपली सोड गं" हे तिला ऐकू येत नाही, आणि आपण आहोत हे तुम्हाला दिसावं म्हणून. एवढं साधं तुझ्या डोक्यात येऊ नये?

माझंही तेच झालं, ते नाकारत नाही. मीही महिन्याला पैसे आणि पत्र पाठवून मोकळी होत होते. पण मी लांब आहे रे. तू जिन्याखाली आहेस.

आता ऐक. काका गेलेत हे तिला माहीत नाही. त्यांना डोळ्याचं ऑपरेशन झालंय असं समजून ती वाट बघतेय, त्यांना दाखवायला पुस्तक शिवून बसलीय. हे मी पत्रात लिहिणार नाही. कागदावर अशी बातमी वाचून ती त्या खोलीत एकटी बसेल, ते मला चालणार नाही. तू वर जायचंस. तिच्यासमोर बसायचं, उजेड तुझ्या तोंडावर पडेल असं, आणि सांगायचं. बायकोला पाठवू नकोस. पत्र मिळेल त्याच दिवशी.

ताई


२१ जून

ताईस नमस्कार.

सांगितलं.

कसं, ते विचारशील म्हणून लिहितो. पत्र वाचल्यावर मी इस्त्री बंद केली. बायकोला वाचून दाखवलं तर ती तोंडावर हात ठेवून आत गेली. ताई, आम्ही विसरलो नव्हतो गं. कुणी विचारलं असतं तर मी लगेच म्हटलं असतं, हो, माझी मावसबहीण बहिरी आहे. पण हाक मारायची वेळ आली की मान आपोआप वर जाते. तीस वर्षं आम्ही ओरडलो आणि धाकटी आली. मध्ये मावशी होती हे कुणाला दिसलंच नाही. तिचं एवढं काम तिच्याबरोबर गेलं आणि आम्हाला पत्ता नाही.

वर गेलो. जिना चढताना तिला पायांना कळलं असणार, कारण मी दारात पोचायच्या आत ती उठून उभी होती. केस सारखे करत होती. मला बघून म्हणाली, "दादा, तू?" मी समोर बसलो. "काकांबद्दल," एवढंच म्हणालो, तर तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "आले?" म्हणाली, आणि फळीवरचं ते पुस्तक काढायला वळली. मला तिचा दंड धरून तिला परत फिरवावं लागलं. आजवर केलेल्या कामांत इतकं जड काम मी केलेलं नाही.

सांगितल्यावर ती माझ्या तोंडाकडेच बघत राहिली, मी आणखी काही बोलेन म्हणून. मग विचारलं, "कधी?" मी सांगितलं. "तुम्ही सगळे गेला होतात?" मान हलवली. "मी कुठे होते?" म्हटलं, इथेच होतीस. "मग?"

"आम्ही हाक मारली," मी म्हणालो.

ती हसली, ताई. जोरात हसली. तशी हसली त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, "जा." मी माफी मागत होतो, पण तिने डोळे मिटून घेतले. तिने डोळे मिटले की आमचं बोलणं संपलंच. थोड्या वेळाने टोपली वर ओढली गेली. ती अजून खाली आलेली नाही.

गल्लीत सगळ्यांना सांगितलंय. शिंपीणबाई म्हणाल्या, "देवा, मी तर तिला शिव्या घातल्या." काकूंकडेही जाऊन आलो. त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

तिला घेऊन जा, असं मी मागे लिहिलं होतं. ते मागे घेतो म्हणायलाही तोंड नाही.

तुझा बाळ्या


२४ जून

धाकटे,

बाळ्याचं पत्र आलं. काका गेल्याचं तुला सगळ्यांत शेवटी कळावं, तेही असं, याचं मला फार दुःख आहे. मी तिथे असायला हवं होतं.

मी तुझ्याबद्दल सगळ्यांना विचारत सुटले होते. तू येते म्हणालीस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हेही खरं सांगते. पण तुला कुणी नको आहेस असं समजून तू येत होतीस. तसं येऊ नकोस. यायचं तर तुला यायचंय म्हणून ये. इथे बायका हातांनी बोलतात, मी जाऊन पाहिलं. तुला शिकवतील. एकमेकींना बोलावायचं असलं की दिव्याचं बटण दोनदा दाबतात. खोली उजेडाची आहे. तिकडे राहायचं ठरवलंस तर मी तोंड वाकडं करणार नाही.

महिना संपायच्या आत मला त्यांना कळवायचंय. तू सांगशील तेच कळवीन.

तुझी ताई


२७ जून

प्रिय ताई,

उत्तर शेवटी लिहिते. आधी काय झालं ते वाच.

दादा गेल्यावर मी दोन दिवस दार उघडलं नाही. इतका राग आला होता की दाभण हातात धरवत नव्हतं. रडण्यापेक्षा रागच जास्त. काका माझी वाट बघत होते आणि मी इथे, शंभर पावलांवर, त्यांच्यावरच रुसून बसले होते.

तिसऱ्या दिवशी माणसं यायला लागली. जिना सारखा थरथरत होता. शिंपीणबाई आल्या, रडल्या, पाणी आलंय म्हणून सांगितलं. त्या उतरल्या तोच वहिनी आली, पाणी आलंय. मग समोरचे आजोबा गुडघे धरत धरत तेच सांगायला वर. पाणी येऊन जायची वेळ झाली तरी मला भरू देईनात. हसू येत होतं आणि एकेकाला जिन्यावरून ढकलून द्यावंसंही वाटत होतं. मी कुणालाही माफ केलं म्हटलं नाही. अजून केलेलं नाही. दादालाही नाही, त्याने दुकानातून दोरी ओढून माझ्या खिडकीला लाल चिंधी बांधलीय तरी. दोरी हलली की चिंधी हलते आणि मी खाली बघते. काल त्याने तीन वेळा नुसतीच ओढून पाहिली, चालते का म्हणून. वेडा आहे.

पण काकू आल्या नाहीत. मग मीच गेले. तेव्हा सगळी गल्ली आपापल्या दारात उभी राहिली.

काकू कॉटवर बसल्या होत्या. मला पाहिलं आणि रडायला लागल्या, तोंडावर हात धरून. रडता रडता बोलत होत्या, ते मला गालांवरून कळत होतं, पण ओठ हाताआड. आजूबाजूच्या बायका त्यांना थोपटत, माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, राहू दे, आता नको, अशा. सगळ्यांना माहीत होतं त्या काय बोलतायत. त्या घरात एकटी मीच होते जिला माहीत नव्हतं. पुन्हा!

मी कॉटवर त्यांच्यासमोर बसले. त्यांचा हात धरून तोंडावरून बाजूला केला आणि म्हटलं, "सांगा."

त्यांनी मान हलवली. मी हात सोडला नाही. म्हटलं, "वाईट असलं तरी सांगा. मला सगळं सांगा."

मग त्यांनी सांगितलं. काका विचारायचे, पोर आली का. काकू म्हणायच्या, येईल. शेवटी शेवटी काका म्हणाले, तिची शिवण मी उसवली म्हणून रागावली असेल, मी जरा जास्तच बोललो तिला. असं समजून गेले ते. मी रागावले म्हणून आले नाही, असं.

हे मला कुणीच सांगणार नव्हतं, ताई. दादाला माहीत होतं, त्याने गिळून टाकलं. मला लागेल म्हणून. लागलंच. अजून श्वास घेताना लागतं. मी तिथेच मोठ्याने रडले. कसा आवाज निघाला असेल देव जाणे, बायका दचकल्या.

तेवढ्यात मागून वहिनी काहीतरी म्हणाली. मला अर्थात कळलं नाही. काकूंच्या चेहऱ्यावरून दिसलं की कुणीतरी बोलतंय. काकूंनी डोळे पुसले, माझ्या खांद्यावर दोन बोटं वाजवली आणि मला वळवलं. मग वहिनीकडे बोट करून म्हणाल्या, मला त्यांचे ओठ स्पष्ट दिसले, "तिच्याकडे तोंड करून बोल. घरातली आहे ती, तिला कळायला नको?"

वहिनी समोर आली आणि पुन्हा म्हणाली. "चहा ठेवू का," एवढंच होतं.

संस्थेतल्या बाईंना सांग, जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या. हातांनी बोलायला मात्र मला शिकायचंय, त्यांच्याकडून कुणी इथे येईल का विचार. गल्लीलाही शिकावं लागेल.

तुझी धाकटी